वास केव्हा येतो, ते सांग!

"मावशी, पेट्रोलचा वास येतोय!"

मागच्या सीटवरून माझी भाची ओरडली. मे महिना होता. आम्ही दोघी नाशिकहून ठाण्याला आजीकडे निघालो होतो. निघतानाच पंपावर टाकी फुल केली होती. गाडी मी चालवत होते. मी नाक फुलवून हुंगलं. छे! मला काहीच येईना.

"पंपावर थोडं सांडलं असेल गं," मी म्हणाले. "जाईल आपोआप."

आणि काय आश्चर्य! खरंच गेला. ठाण्याला पोचेपर्यंत वास गायब. परत येतानाही नाही. पुढे आठवडाभर नाही. मी तर विसरूनही गेले.

मग पुन्हा एकदा टाकी भरली. आणि पुन्हा मागून आरोळी आली, "मावशी, आला! तोच वास आला!"

या वेळी मात्र मी गाडी लगेच बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. दारं उघडी टाकली. दोघी उतरून लांब एका लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभ्या राहिलो. तिथून आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांना फोन केला. ते आले आणि गाडी टोचन करून घेऊन गेले.

आता गंमत ऐक. गाडीखाली एक थेंब नाही! सीटवर डाग नाही! कुठे ओल नाही! वास आहे, पण डोळ्यांना काहीच दिसत नाही. चोर घरात शिरलाय, पण त्याच्या पावलांचे ठसेच नाहीत!

मग असा चोर पकडायचा कसा?

आधी त्याची ओळख करून घेऊ. पेट्रोल म्हणजे काय? तुला वाटेल, पाण्यासारखाच एक पातळ पदार्थ. अं हं! पेट्रोल ही मिसळ आहे, मिसळ! आपल्या मिसळीत कशी मटकी असते, फरसाण असतं, कांदा असतो, वर रस्सा असतो? तशी पेट्रोलमध्ये शेकडो वेगवेगळी द्रव्यं असतात. काही जड आणि सुस्त. काही हलकी आणि भारी चपळ.

शाळा सुटल्याची घंटा आठव. घंटा झाली रे झाली की काही मुलं धूम पळतात. काही मुलं सावकाश डबा आवरतात, बाटली शोधतात, गप्पा मारतात आणि मग निघतात. पेट्रोलचं अगदी तसंच! त्याला हवा लागली की घंटा झाली. हलकी द्रव्यं लगेच वाफ होऊन उडतात. जड द्रव्यं मागून रमतगमत निघतात.

त्या धूम पळणाऱ्यांपैकी एकाचं नाव आहे आयसोपेंटेन. आता अंदाज कर. पाणी उकळतं १०० अंश सेल्सिअसला. मग आयसोपेंटेन किती अंशांना उकळत असेल? ८०? नाही. ५०? नाही, अजून खाली ये. ४०? तरीही नाही!

फक्त २८ अंशांना!

तुझं स्वतःचं अंग असतं ३७ अंश गरम. म्हणजे ना गॅस, ना शेगडी, नुसत्या तळहाताच्या उबेनं ते उकळायला लागेल! (हे करून बघायचं नाही हं. नुसतं डोक्यात चित्र आण.) मग नाशिकच्या मे महिन्यात टाकीतलं पेट्रोल खदखदत का नाही? कारण जड सोबत्यांनी या पळपुट्यांचे हात धरून ठेवलेले असतात. तरी काही जण हात सोडवून निसटतातच. ते निसटून तुझ्या नाकात शिरले, की त्यालाच आपण म्हणतो पेट्रोलचा वास!

कळलं ना, गाडीखाली थेंब का नव्हता? गळती बारीकशी असेल तर पेट्रोल जमिनीवर पोचायच्या आतच उडून जातं. पाण्याचा थेंब पडला तर तो काही वेळ तिथे बसून राहतो. पेट्रोलचा थेंब पत्ता न ठेवताच पसार होतो.

आता तू विचारशील, एवढुशा वासासाठी गाडी थांबवून थेट झाडाखाली पळायचं? हो, पळायचंच! कारण पेट्रोलची वाफ भलतीच वेगळी असते. वाफ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? चहाच्या कपावरची. ती वर वर जाते. पेट्रोलची वाफ खाली जाते! ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती जमिनीवर बसते, पाण्यासारखी पसरते, खळग्यात साचते. आणि सगळ्यात मोठं नवल पुढेच आहे. आग लागते ती पातळ पेट्रोलला लागत नाही, या वाफेला लागते! बाहेर उणे ४० अंशांची थंडी असली, तरी पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ निघतच असते. बर्फ होतो शून्य अंशाला. त्याच्याही ४० अंश खाली! म्हणून वास आला की काडी ओढायची नाही, उगाच बटणं दाबायची नाहीत, गाडीतून उतरून लांब जायचं.

पण मला तो वास का आला नाही? नाक तर माझ्याकडेही आहे!

याचं उत्तर तुझ्या घरातच आहे. आई झणझणीत फोडणी देते. तू बाहेरून खेळून आलास किंवा आलीस की दारातच ठसका लागतो. "बापरे, काय वास सुटलाय!" पण आत बसलेले आजोबा शांतपणे पेपर वाचत असतात. त्यांना काहीच येत नाही! कारण तोच तोच वास येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याच्याकडे लक्ष देणं सोडून देतं. वर्गात पंखा घरघरतो, पण थोड्या वेळानं तो ऐकू येईनासा होतो ना? तसंच! पंपावर मी टाकीपाशीच उभी होते. माझं नाक वास घेऊन घेऊन कंटाळलं होतं. भाची मात्र काच वर करून आत बसली होती. तिचं नाक ताजं होतं!

आणि नाक म्हणजे साधीसुधी वस्तू नाही बरं का. तुझ्या नाकात आत, अगदी वरच्या बाजूला, वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे पहारेकरी बसलेले आहेत. एकेका वासाला त्यांच्यातले वेगवेगळे गट हात वर करतात. कोणी कोणी हात वर केले, ते बघून मेंदू ठरवतो, हा आंबा, हा मोगरा, हे पेट्रोल. हे पहारेकरी कसे काम करतात ते लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल या दोन शास्त्रज्ञांनी शोधलं आणि त्यासाठी त्यांना २००४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. पेट्रोलच्या बाबतीत तर आपलं नाक कमालीचं तिखट आहे. हवेच्या दहा लाख भागांत पेट्रोलच्या वाफेचा एखादा भाग असला, तरी नाक म्हणतं, "ए, हे काय आहे?"

स्वयंपाकाच्या गॅसची गोष्ट याच्या उलट आहे. त्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच! गळती कळावी म्हणून कारखान्यात त्यात मुद्दाम घाणेरड्या वासाचं द्रव्य मिसळतात. पेट्रोलला असं काही मिसळावं लागत नाही. ते आपली चुगली आपणच करतं!

पण नाकाची एक मोठी अडचण आहे. डोळे मिटून उभं राहा आणि कोणाला तरी टाळी वाजवायला सांग. टाळी डावीकडून आली की उजवीकडून, कान पटकन सांगतात. वासाचं तसं नाही. "वास आहे" एवढं नाक सांगतं. "तो कुठून येतोय" हे सांगायला गेलं की त्याची गडबड होते. गाडीत तर वारा फिरत असतो, पंखा चालू असतो, वास इकडून तिकडे वाहतो. मागे गळती आणि पुढे वास, असंही होतं.

म्हणूनच गॅरेजवाल्या काकांनी काय केलं असेल? त्यांनी बॉनेट उघडलं नाही. पाना हातात घेतला नाही. गाडीखाली वाकलेसुद्धा नाहीत. ते स्टुलावर बसले आणि त्यांनी माझ्या भाचीला विचारलं, "बाळा, वास केव्हा येतो?"

वास कुठे येतो, असं त्यांनी विचारलंच नाही. केव्हा येतो, असं विचारलं! मला हा प्रश्न इतका आवडला म्हणून सांगू! कारण नाकाला जागा सांगता येत नाही, पण वेळ प्रत्येकाला सांगता येते.

"सकाळी गाडी चालू करताना क्षणभर येतो आणि मग जातो, असं आहे का?" काकांनी विचारलं. तसं असतं तर फार काळजी नव्हती. गार इंजिनाला सुरू होताना जरा जास्त पेट्रोल लागतं. आपण नाही का, थंडीत सकाळी उठताना जरा जास्तच कुरकुरतो!

"नाही," भाची म्हणाली.

"इंजिन चालू असतानाच येतो का?" हा प्रश्न फार कामाचा. टाकीत एक छोटा पंप असतो. तो बारीक नळ्यांमधून इंजिनाकडे पेट्रोल ढकलतो आणि चांगला जोर लावून ढकलतो. गाडीच्या टायरमध्ये जेवढ्या दाबानं हवा भरतात, त्याहूनही हा दाब जास्त असतो! इंजिन बंद केलं की तो पंपही थांबतो. बागेत पाणी घालायच्या पाइपाला चीर असेल तर नळ सोडल्यावरच पिचकारी उडते ना? मग इंजिन चालू असतानाच वास येत असेल, तर या नळ्यांकडे बघायचं.

"नाही काका, इंजिन बंद केल्यावरपण येत होता."

"एसी लावला की जास्त येतो?" एसी बाहेरची हवा आत घेतो, ती पुढच्या काचेच्या खालून, बॉनेटजवळून. म्हणजे तसं असतं तर चोर पुढे, इंजिनापाशी सापडला असता.

"अं… तसं नाही वाटलं."

"बरं. मग तूच सांग, केव्हा येतो?"

भाचीनं एका दमात सांगून टाकलं. "टाकी फुल केली की येतो. मग थोड्या वेळानं जातो. कसारा घाटात वळणावर जास्त येत होता. येताना अजिबात नव्हता!"

काकांचा चेहरा एकदम उजळला. "मग भोक वर आहे," ते म्हणाले.

अरेच्चा! गाडीला हातसुद्धा न लावता कसं कळलं त्यांना?

थांब, पुढे वाचू नकोस. तूच विचार कर. तुझ्या बाथरूममधल्या बादलीला एक चीर आहे. तळाला असेल तर? सगळं पाणी गळून जाईल, कितीही थोडं असलं तरी. पण चीर अगदी वर, काठाजवळ असेल तर? अर्धी बादली भर, एक थेंब गळणार नाही! काठोकाठ भरली तरच गळेल. आणि भरलेली बादली उचलून चालायला लागलं की? पाणी हिंदकळेल आणि चिरेतून आणखी सांडेल!

आता बादलीच्या जागी गाडीची टाकी ठेव. टाकी भरली की वास. थोडं पेट्रोल संपलं की वास बंद. घाटातल्या वळणावर पेट्रोल हिंदकळतं, म्हणून तिथे जास्त वास. नाशिकहून ठाण्याला पोचेपर्यंत आठदहा लिटर पेट्रोल जळून गेलं होतं, पातळी चिरेच्या खाली उतरली होती. म्हणून येताना काहीच नाही! झाली की नाही उकल? तीही एका चौथीतल्या मुलीच्या चार वाक्यांवरून!

पण थांब, चोर अजून हाती लागलेला नव्हता. टाकीच्या वरच्या बाजूला संशयित चार जण होते. पेट्रोल भरायच्या तोंडाचं झाकण, तिथून टाकीकडे जाणारी रबरी नळी, एक काळा डबा, आणि टाकीच्या माथ्यावरचं एक गोल झाकण.

काकांनी पहिलं झाकण काढलं. फुस्स! असा आवाज आला. भाची दचकली. "ती टाकीची वाफ," काका म्हणाले. तू फ्रुटीचा खोका स्ट्रॉनं जोरात ओढून ओढून संपवला आहेस ना? खोका आत चेपतो! कारण रस बाहेर येतो, पण त्याच्या जागी हवा आत जात नाही. टाकीतलं पेट्रोलही इंजिन ओढून घेत असतं. मग टाकी चेपू नये म्हणून तिला हवा आत घ्यायची सोय लागते. आणि उन्हात वाफ वाढली की ती बाहेर जायचीही सोय लागते. टाकी श्वास घेते म्हण ना! झाकणाची रबरी रिंग काकांनी बोट फिरवून पाहिली. मऊ, गुळगुळीत. हा निर्दोष. नळी वाकवून पाहिली, तिची क्लिप पाहिली. तीही ठीक.

मग आला काळा डबा. आणि या डब्याबद्दल मी तुला सांगणार म्हणजे सांगणारच, कारण गाडीत याच्याइतकी सुंदर वस्तू दुसरी नाही!

डब्यात काय असतं? कोळसा! हो, कोळसा. पण जाळायला नाही. टाकीच्या श्वासाबरोबर बाहेर येणारी पेट्रोलची वाफ पकडायला. हा कोळसा मुद्दाम असा तयार करतात की त्याला आतून असंख्य भोकं पडतात. इतकी बारीक, की डोळ्यांना दिसायची नाहीत. आपल्या नारळाच्या करवंटीपासूनही असा कोळसा बनतो, आणि घरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्येही बऱ्याचदा तोच असतो. पेट्रोलची वाफ त्या भोकांच्या भिंतींना चिकटून बसते.

आता सांग, यातला चिमूटभर, म्हणजे एक ग्रॅम कोळसा घेतला आणि त्याच्या आतल्या सगळ्या भिंती उलगडून जमिनीवर पसरल्या, तर किती जागा लागेल? एक वही? एक चादर? एक वर्ग?

सुमारे १,००० चौरस मीटर! कबड्डीचं मोठं मैदान असतं १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. म्हणजे १३० चौरस मीटर. भागाकार कर बघू. साडेसातपेक्षाही जास्त मैदानं! साडेसात कबड्डीची मैदानं एका चिमटीत! आणि डब्यात तर चिमूटभर नाही, मुठी मुठी भरून कोळसा असतो. मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ कोळशाचा एक तुकडा नुसता बघत बसले होते.

डबा वाफेनं भरला की काय? फेकायचा? मुळीच नाही! इंजिन सुरू झालं की ते डब्यातून हवा ओढून घेतं, हवेबरोबर चिकटलेली वाफही ओढली जाते आणि इंजिनात जळून जाते. डबा पुन्हा रिकामा! रात्रभर उष्ट्या ताटवाट्या साठतात आणि सकाळी घासून स्वच्छ होतात, तसा.

हा डबा गाडीत आला कसा, त्याची गोष्ट एका अननसानं सुरू होते. खरंच!

अमेरिकेत लॉस एंजेलिस नावाचं मोठं शहर आहे. १९४३ च्या जुलै महिन्यात एके दिवशी तिथे विचित्र धूसर हवा पसरली. डोळे चुरचुरायला लागले, घसा खवखवायला लागला. तेव्हा महायुद्ध चालू होतं. काही लोकांना तर शत्रूनं विषारी वायू सोडला असंच वाटलं! पण ती हवा पुन्हा पुन्हा येऊ लागली. तिथून जवळच पासाडेना गावात आरी हागेन-स्मित नावाचे एक शास्त्रज्ञ काम करत होते, मूळचे नेदरलँड्सचे. ते तेव्हा काय शोधत होते माहीत आहे? अननसाला अननसाचा वास कशामुळे येतो! ढीगभर अननस, आणि त्यांचा वास पकडायची यंत्रं.

लोकांनी त्यांना विचारलं, "आमच्या या घाणेरड्या हवेत काय आहे, सांगाल का?" त्यांनी अननसाच्या वासाची युक्ती हवेला लावली. खूप हवा गार करत करत तिच्यातलं सगळं गोळा केलं. हाती काय आलं? तपकिरी, घाण वासाचे थोडे थेंब! मग हळूहळू कोडं सुटलं. गाड्यांमधून उडणारी पेट्रोलची वाफ आणि गाड्यांचा धूर, यांच्यावर कडक ऊन पडलं की ओझोन नावाचा झोंबरा वायू तयार होतो. उंच आकाशातला ओझोन आपल्याला उन्हातल्या अपायकारक किरणांपासून वाचवतो, पण नाकाशी आलेला ओझोन त्रास देतो. तो मोजायला हागेन-स्मित यांनी काय वापरलं? वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या! ओझोननं रबराला तडे जातात. जितके लवकर तडे, तितका ओझोन जास्त. किती साधं आणि किती हुशार!

त्यांचं म्हणणं सगळ्यांना लगेच पटलं नाही. पण ते मागे हटले नाहीत. शेवटी १९७० पासून कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून साऱ्या अमेरिकेत नव्या गाड्यांना टाकीची वाफ आवरून धरायची सक्ती झाली. कोळशाचा डबा गाडीत आला तो असा. आता आपल्याकडच्या पेट्रोलच्या गाड्यांत तो असतो, नव्या स्कूटरमध्येही असतो. तुझ्या घरच्या स्कूटरमध्ये कदाचित आत्तासुद्धा तो गुपचूप वाफ गिळत बसला असेल!

परत गॅरेजमध्ये येऊ. काकांनी डबा तपासला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, पंपावर राउंड फिगर करायला सांगता का?"

मी म्हणाले, "हो, बऱ्याचदा."

"नका करू."

पंपावर पेट्रोल भरताना बघ. टाकी भरली की ती बंदुकीसारखी नळी आपोआप 'टक्' करून बंद होते. तिला कसं कळतं? कॅमेरा? सेन्सर? काही नाही! नळीच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. त्यातून सतत हवा ओढली जात असते. टाकीतलं पेट्रोल वर येऊन त्या छिद्रावर पोचलं की हवा येणं बंद होतं. आत एक पडदा ओढला जातो आणि टक्! या युक्तीला विजेचीसुद्धा गरज नाही.

आणि 'टक्' झाल्यावर वरची जागा मुद्दाम रिकामी राहते. का? पंपाचं पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतं. तिथे गारवा. ते तुमच्या गाडीत आलं आणि गाडी उन्हात उभी राहिली की ते तापतं आणि फुगतं. ४० लिटर पेट्रोल १० अंशांनी तापलं, तर ते जवळजवळ दोन पेले वाढतं! दूध उतू जाऊ नये म्हणून आई पातेलं काठोकाठ भरत नाही ना? 'टक्' झाल्यावरही आणखी ओतलं तर पातळ पेट्रोल कोळशाच्या डब्यात शिरू शकतं. मग तो भिजलेला कोळसा वाफ कशी पकडणार? भिजलेल्या टॉवेलनं अंग पुसायला जाण्यासारखंच ते!

आमचा डबा मात्र कोरडा होता. वाचला बिचारा.

उरला कोण? चौथा! टाकीच्या माथ्यावरचं गोल झाकण. ते कुठे असतं, सांग बरं? काकांनी मागचं दार उघडलं. मागची सीट धरली आणि सरळ उचलली. सीटच्या खाली! पुष्कळ गाड्यांमध्ये मागच्या सीटखालीच टाकी असते, आणि तिच्या माथ्यावर पेट्रोलच्या पंपाचं झाकण. म्हणजे माझी भाची थेट चोराच्या डोक्यावर बसली होती!

झाकणावर वर्षानुवर्षांची धूळ. पण एका बाजूला, चंद्रकोरीच्या आकाराच्या जागेत, धूळच नव्हती. तेवढाच भाग धुऊन काढल्यासारखा. पेट्रोल यायचं, धूळ धुवायचं आणि उडून जायचं. चोराचे ठसे अखेर सापडले!

"पॅकिंग गेलंय," काका म्हणाले. टाकी आणि झाकण यांच्यामध्ये एक रबरी रिंग बसवलेली असते. प्रेशर कुकरच्या झाकणाला असते ना, तशी. आमची रिंग कडक होऊन तडकली होती. जुन्या पेपरांच्या गठ्ठ्याला लावलेलं रबर ओढलं की कसं तटकन तुटतं? तशी अवस्था. गाडी दहा वर्षांची. दहा उन्हाळे, पेट्रोलमध्ये भिजणं, पुन्हा सुकणं, पुन्हा भिजणं. शिवाय २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळू लागलं आहे. इथेनॉल उसापासूनही बनतं, म्हणजे आपल्या साखर कारखान्यांकडूनही येतं. काही जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवत नाही. आमच्या रिंगचं नेमकं कशानं बिनसलं ते रिंगच जाणे, पण तिचं वय झालं होतं हे नक्की.

काकांनी पेट्रोल काढून घेतलं, बॅटरीची तार सोडवली, नवी रिंग बसवली, झाकण आवळलं. मग गाडीत पेट्रोल भरलं, अगदी 'टक्' होईपर्यंत, आणि गाडी एक फेरी फिरवून आणली. आता तपासणी कोण करणार? काकांचं नाक दिवसभर गॅरेजमध्ये. माझंही तिथेच. काका भाचीला म्हणाले, "जा, बाहेर दहा मिनिटं फिरून ये. नाक ताजं करून ये."

ती रस्त्यापर्यंत जाऊन आली. मागच्या सीटवर बसली. डोळे मिटले. हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"धुळीचा वास येतोय," ती म्हणाली. "पेट्रोलचा नाही!"

काकांनी तिला ती जुनी तडकलेली रिंग भेट देऊन टाकली. दोन दिवस तिनं ती गॅलरीत उघड्यावर ठेवली होती, कारण रबरात मुरलेलं पेट्रोल सावकाश बाहेर येत होतं. मधूनच ती जवळ जाऊन वास घ्यायला निघाली, तेव्हा मात्र मी तिला थांबवलं. पेट्रोलचा वास पुष्कळ मुलांना आवडतो, मला माहीत आहे! पण त्यात बेंझीनसारखी शरीराला खूप अपाय करणारी द्रव्यं असतात. तो मुद्दाम कधीच घ्यायचा नाही.

तुला नाकाची गंमत बघायचीच असेल तर संत्रं घे. मित्राला किंवा मैत्रिणीला खोलीच्या एका कोपऱ्यात गुपचूप संत्रं सोलायला सांग. तू दुसऱ्या कोपऱ्यात डोळे मिटून बस. वास आला की हात वर कर आणि किती सेकंद लागले ते मोज. मग तिथेच बसून राहा आणि वास केव्हा येईनासा होतो ते मोज. त्यानंतर बाहेर एक चक्कर मारून ये आणि पुन्हा आत शिर. बघ काय होतं!

आणि गाडीत कधी पेट्रोलचा वास आलाच, तर लगेच मोठ्यानं सांग. कोणी म्हणालं, "मला नाही बाई येत," तरी गप्प बसू नकोस. त्यांचं नाक दमलेलं असेल, तुझं ताजं असेल. पुन्हा सांग. गाडी थांबवायला लाव, खाली उतर, लांब उभं राहा. वास केव्हा आला ते मात्र नीट लक्षात ठेव. गॅरेजवाले काका तेच विचारणार आहेत!